रुईचं थेटर आणि सहा कोऱ्या खोळी

नव्या जागी गेले की मी आधी एक टाळी वाजवते. देवळाचा मंडप असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर भाच्याचा नवा फ्लॅट असो, टाळी परत कशी येते ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरचे याला माझं खूळ म्हणतात आणि पाहुण्यांसमोर मला चिमटे काढतात. काढोत बापडे. मी संगीत नाटकात गायलेली बाई आहे. घरात कोणता सोफा आहे यापेक्षा त्या घराचा आवाज कसा आहे हे मला आधी कळतं.

हे खूळ मला अमरावतीनं लावलं. आणीबाणीचे दिवस होते. मी वीस वर्षांची, कंपनीत नवखी. सगळीकडे माइक आले होते, पण अमरावतीच्या त्या थेटरात नाटकवाले माइक लावत नसत, गरजच पडत नसे. आमच्या नाटकात काही वावगं बोललं जातंय का हे टिपायला शेवटच्या रांगेत एक पोलीस वही घेऊन बसला होता. दुसऱ्या अंकात मी शेजारच्या मैत्रिणीच्या कानात कुजबुजले, "माझी साडी सुटतेय गं." आणि शेवटच्या रांगेतून तो पोलीस खो खो हसला! पाठोपाठ सगळं थेटर हसलं. मी लाजेनं अर्धमेली झाले, पण त्या जागेच्या प्रेमात पडले ती कायमची.

म्हणून यंदा दिवाळीनंतर दिवाकररावांचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरायलाच घेतली. दिवाकरराव अंजनगाव सुर्जीचे शेतकरी आणि त्या थेटराच्या कमिटीचे चिटणीस. म्हणाले, "ताई, थेटर पुन्ना उभं करून राहिलो आमी. पन अध्यक्षसायबाचं म्हननं हाये का भितीतली रुई काढा, तिथं फोमच्या शिटा लावा, स्पीकर ठोका. मी म्हटलं, एक डाव ऐकून तं पाहा. रविवारी कमिटी मागच्या रांगेत बसनार हाये. माइकाबिगर ऐकू आलं तं रुई राहीन, नाई तं गेली."

"पण मीच कशाला?" मी विचारलं.

"तिथं माइकाबिगर गायलेलं दुसरं कोनी आता सापडूनच नाई राहिलं."

पुण्यात हेच वाक्य कुणीतरी मखमलीत गुंडाळून सांगितलं असतं. इकडे ते असंच येतं, उघडंवाघडं, आणि त्यात मनाचा ओलावा असतो तो वेगळाच.

अकोला, शुक्रवार

आधी अकोल्याला उतरले, कारण रुई अकोल्याची. म्हणजे ती पिंजणारे हात अकोल्याचे. या थेटराची गंमत अशी की ते कापसाच्या व्यापाऱ्यांनी बांधलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लाकडी चौकटी मारून त्यांत रुईच्या उभ्या गाद्याच बसवल्या. गावानं त्याला कधी पाटीवरच्या नावानं हाक मारली नाही. ते रुईचं थेटर. दरवर्षी त्या गाद्यांतला कापूस काढून, नवा पिंजून भरायचं काम गफूरचाचांच्या घराण्याकडे पणजोबांपासून आहे.

थंडीचं कोवळं ऊन होतं. ऑटोवाल्याला "पिंजारी गफूरचाचा" एवढंच सांगितलं, तर तो म्हणाला, "बसा नं, मायीच गादी त्याईच्याकडची हाये."

दुकानात पिंजणयंत्र घरघरत होतं आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. गफूरचाचा ऐंशीच्या घरातले. पाठीनं ताठ, पण गुडघ्यांनी पार हैराण. यंदा पहिल्यांदाच त्यांना अमरावतीला जाता आलं नाही, म्हणून सगळ्या खोळी त्यांच्या सुनेनं, शबानानं, भरल्या होत्या. शबाना पस्तिशीची, दुकान तीच चालवते. यंत्र बंद करून तिनं हात झटकले आणि पहिला प्रश्न टाकला, "पुन्यात गादीत काय भरतात, मावशी?"

"हल्ली फोम."

"मंग झोप कशी येते?"

मी पिशवी खाली ठेवली आणि समोरच्या गादीवर बसून घेतलं.

चाचांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत धुऊन घडी केलेल्या जुन्या खोळी होत्या, म्हणजे त्या गाद्यांची वरची कापडं. कापड बदललं तरी जुनं फेकायचं नाही, ही या घराची रीत. मी इतिहासाची पुस्तकं कर्तव्य म्हणून वाचलेली बाई, पण त्या सकाळी वऱ्हाडचा इतिहास मी बोटांनी चाचपला.

सगळ्यात खाली विलायती गुलाबी छिटाचं कापड होतं. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा, थेटराला नाव राणीचं आणि पहिल्या रांगेत कलेक्टरची खुर्ची, अशा काळातलं. त्यावर खादी. "गांधीबाबाच्या वख्ताले नाटकवाले अडून बसले," चाचा म्हणाले. "विलायती कपड्यापुढं गात नाई म्हने. आमचे दादा, म्हंजे आजोबा, बोलले, कपडा जाऊ द्या, रुई तं तुमच्याच वावरातली हाये! एका दिवसात समद्या खोळी बदलोल्या." मग तागाचं तरट निघालं. लढाईच्या काळात थेटरात धान्याची पोती रचली होती, तेव्हाचं. मग जाडंभरडं पिवळं कापड. स्वराज्य आलं, वऱ्हाड मध्य प्रदेशात गेलं, पाटी हिंदी झाली, नाटकांपेक्षा भाषणं जास्त होऊ लागली. त्यावर महाराष्ट्र झाल्यावरचं निळं मिलचं कापड. या कापडापुढं मी गायले होते. मी ते नाकाशी धरलं. त्याला नुसता डांबरगोळ्यांचा वास होता, तरी माझे डोळे भरून आले.

"मंग सिनेमा आला, रेक्झिन ठोकलं," चाचा म्हणाले. "मंग ट्यूशनवाले आले. पोट्टे भितीले डोकं टेकून झोपत. सरकार कोनतं बी येवो बाई, कपडा बदलते. रुई थेच राहते."

घड्या घालताना एक गोष्ट माझ्या नजरेत आली. सगळ्या खोळींच्या आतल्या बाजूला कापसाचे तंतू चिकटलेले, पण प्रत्येक गठ्ठ्यातल्या सहा मात्र आतून कोऱ्या करकरीत. मी विचारणार तेवढ्यात शबानानं जेवायला हाक मारली. ज्वारीची भाकर, अंबाडीची आंबट भाजी आणि वर लसणाची चरचरीत फोडणी. आमच्याकडे अंबाडीत गूळ घालतात असं मी म्हणाले, तर चाचांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. भाकरीच्या नादात तो प्रश्न राहूनच गेला.

अंजनगाववरून, शनिवार

सकाळी दिवाकरराव गाडी घेऊन आले. सरळ अमरावतीला जायचं सोडून दर्यापूरवरून आपल्या गावाकडे वळवली. "आमच्या घरचं खाल्ल्याबिगर गानं कसं म्हनान?" दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. शेतात वेचणी चालली होती. पहिल्या वेचणीआधी इथं शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सितादही म्हणतात. दिवाकररावांच्या घरी त्या दिवशी वेचलेला पहिला कापूस विकत नाहीत. तो अकोल्याला चाचांकडे आणि तिथून थेटराच्या भिंतीत. आजोबांपासून चालत आलंय. हे ते इतक्या सहज सांगत होते, की जणू दुधाचा रतीबच.

अंजनगावला पानपिंपरीचे, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलींचे, मळे आहेत. दिवाकररावांच्या पत्नीनं पाटवडीचा रस्सा वाढता वाढता मूठभर वाळलेली पिंपरी पुडीत बांधून दिली. "मधातून चाटजा ताई, गळा कसा मोकळा होते." रस्सा एवढा जहाल होता, की गळाच काय, माझे कानही मोकळे झाले. "जरा तिखट आहे," असं मी पुणेरी सभ्यतेनं म्हणाले, तर त्यांनी तो कौतुकाचा शब्द समजून आणखी एक वाटी ओतली.

अमरावती, शनिवारीच

थेटर राजापेठेपासून हाकेच्या अंतरावर. क्लासच्या पाट्या, दुचाक्यांची घुसाघुशी, कर्कश हॉर्न. आणि दार ओलांडून आत गेलं की एकदम शांत. मी उंबऱ्यातच थबकले. सागवानी सज्जा तसाच, लोखंडी खांबांवर ओतीव कापसाची बोंडं तशीच आणि भिंतींवर शबानानं शिवलेल्या पांढऱ्याशुभ्र मादरपाटाच्या नव्या खोळी. मोठी शहरं गुळगुळीत नाट्यगृहं बांधून मिरवतात. त्यांतल्या एकातही मला असं हात जोडावेसे वाटले नाहीत.

मग मी टाळी वाजवली. ती परत आलीच नाही.

पुन्हा वाजवली. टाळी हातातच मेली. डॉक्टरांनी मला कानाचं यंत्र सुचवलं आहे आणि मी ते मनावर घेतलेलं नाही. म्हटलं, आता घ्यावं लागणार.

संध्याकाळी तालीम ठेवली. दिवाकरराव शेवटच्या रांगेत बसले. शबाना अकोल्याहून आली होती, ती मधल्या वाटेत उभी राहिली. मी नांदी धरली. दोन ओळी झाल्या आणि दिवाकररावांचा हात वर गेला. "ताई, जराशी जोरात." मी जोर लावला. "अजून थोडी, ताई." मी अशी ओरडले, की माझ्या गुरूंनी ऐकलं असतं तर कान धरून विंगेत नेलं असतं. दिवाकररावांनी मान खाली घातली. "भुनभुन ऐकू येते," एवढंच म्हणाले.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू फुटलं. आवाज गेलाय हे कधीतरी कळणारच होतं, पण ते याच ठिकाणी कळावं? आणि माझ्या म्हातारपणापायी चार पिढ्यांची रुई उद्या उपटून निघावी? शबाना धावत आली. "मावशी, मन छोटं नोका करू. गरम पानी देऊ?" मग जो तो औषध सांगू लागला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, पिंपरी तर होतीच. आठवड्याभराची औषधं मी एका तासात घेतली.

उतरले होते तिथल्या खोलीत मी पिंपरी चघळत बसले होते. समोर पलंगावर दोन उशा. एक फुगलेली, एक नुसताच रिकामा अभ्रा. त्या अभ्र्याकडे बघता बघता मला पेटी आठवली. आतून कोऱ्या करकरीत सहा खोळी!

मी तडक चाचांना फोन लावला. "चाचा, त्या सहा खोळी आतून कोऱ्या का?"

"थ्या स्टेजबाजूच्या, बाई. इकडच्या तीन, तिकडच्या तीन. त्याईत रुई नाई भरत. नुसता कपडा, मागं फळी. गळ्यातून निंगालेला आवाज आंधी फळीवर आपटला पायजे, तवा पुढं जाते. मागच्या भितीपाशी रुईनं त्याले झेलाचं." मग एकदम म्हणाले, "शबानाले सांगा, त्या खोळीत बोट दाबून पाह्य."

थेटर दोन पावलांवर होतं, फोन कानाला धरूनच गेले. शबाना अजून तिथंच टाके घालत होती. तिनं स्टेजबाजूच्या खोळीत बोट दाबलं. ते पेरभर आत गेलं.

"अब्बा, भरली हाये," ती फोनवर म्हणाली. "समद्या भरल्या, रुई सरली अन् त्या सहा रिकाम्या राहिल्या. मले वाटलं, पुन्याहून पावनी येऊन राहिली. स्टेजवर पाय ठेवल्याबरोबर तिले रिकाम्या खोळी दिसन, तं काय म्हनन? म्हनून घरच्या नव्या गादीतली रुई काढून भरल्या. दाबून भरल्या."

स्वतःची गादी मोडून! माझ्यासाठी! असली चूक फक्त याच मुलखात होऊ शकते. आमच्याकडे कापूस कमी भरून चूक झाली असती.

चाचा फोनवर म्हणाले, "सकाळच्या बसनं येतो मी."

अमरावती, रविवार

आणि ते खरंच आले. त्या गुडघ्यांनी, एकटे. शबाना दारातच रडायला लागली. मला वाटलं, आता सासरे चार शब्द ऐकवणार. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गलती इची नाई, मायी हाये. कोनती खोळ किती भराची, थे समदं सांगतलं म्या इले. कोनती नाई भराची, थे सांगाचंच राहून गेलं. माया बापानं बी मले कधी सांगतलं नोतं. मी नुसतं पाहून शिकलो."

मग दोघं खाली बसले. चाचांनी टाके उसवले, शबानानं रुई ओढून काढली. बघता बघता स्टेजवर गुडघ्याएवढा ढीग झाला. रिकाम्या खोळी त्यांनी फळीवर ताणून पुन्हा शिवल्या. चाचा हातानं चापट मारून मारून बघत होते. तबलजी तबला लावून बघतो ना, तसं.

दुपारी मी पुन्हा टाळी वाजवली. आली! कोवळी, गोल, एकदाच, जशी माझ्या विसाव्या वर्षी आली होती तशीच. कानाचं यंत्र मी पुन्हा लांबणीवर टाकलं.

संध्याकाळी कमिटी जमली. अध्यक्षसाहेब निवृत्त प्राचार्य, माणूस सज्जन, पण फोमच्या शिटांचा नमुना काखेत धरूनच आलेले. सगळे शेवटच्या रांगेत बसले. एका टोकाला गफूरचाचा, शेजारी शबाना. मी नांदी म्हटली, ओरडून नाही, घरात देवापुढे म्हणते तशी. शेवटच्या सुरावर माझा आवाज थरथरला. सत्तरी गाठलेल्या बाईचा थरथरतो. गाणं संपलं तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षसाहेब तसेच बसून होते. पोचलं की नाही पोचलं, स्टेजवरून काही कळेना. तेव्हा मला तो हसलेला पोलीस आठवला. मी एक पाऊल पुढे आले आणि शेजारच्या माणसाच्या कानात सांगावं तितक्या हळू म्हणाले, "चाचा, चहा घेणार का?"

"घेतो नं बाई," शेवटच्या रांगेतून उत्तर आलं. "पन अद्रक टाकाले सांगजा."

आधी शबाना हसली, मग दिवाकरराव, मग सगळी रांग. अध्यक्षसाहेब उठले आणि भिंतीपाशी गेले. मागच्या एका खोळीवर त्यांनी तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग काखेतली शीट खुर्चीवर टाकून म्हणाले, "हे परत करून टाका. बाईनं श्वास घेतलेला ऐकू आला मले." चाचांनी टोपी काढली, पुसली आणि परत घातली. तेवढ्यात माझे डोळे वाहायला लागले, ते चहा येईपर्यंत थांबलेच नाहीत. अद्रक भरपूर होतं.

सोमवारी सकाळी निघताना शबाना स्टँडवर आली. हातात मादरपाटाची नवी कोरी उशी. "नाई म्हनू नोका, मावशी. त्या सहा खोळीतली रुई हाये. शनिवारी तुमी गायल्या थे समदं इच्यातच अडकलं. तुमचा आवाज हाये, तुमी घेऊन जा."

"आणि तुझी गादी गं?"

"भरीन नं. यंदा रुई भल्ली पिकली."

बसमध्ये बसल्यावर मी उशी मांडीवर घेतली. पुण्यात आले तशी रोज तीच डोक्याखाली असते. भाच्यानं विचारलं, फोमच्या चांगल्या उशा असताना ही बोजड उशी कशाला? मी त्याला म्हटलं, हळू बोल, ऐकतेय ती.